आर्तांचे दप्तर

१८ जानेवारी २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या तंत्रज्ञांना असे आढळून आले की, समितीच्या काही सर्व्हरांत परक्यांनी शिरकाव केला आहे. आणि तपास पुढे गेला तसे हेही निष्पन्न झाले की, हा शिरकाव काल-परवाचा नव्हे, आदल्या वर्षीच्या ९ नोव्हेंबरचा, म्हणजे पुरे सत्तर दिवस जुना आहे. त्या सर्व्हरांत द्रव्य नव्हते, कोणा सेनेचे नकाशे नव्हते, व्यापाराची गुपितेही नव्हती. युद्धात ताटातूट झालेली मुले व त्यांचा शोध घेणारे आईबाप, वाळवंट आणि समुद्र ओलांडताना मागे राहिलेले स्थलांतरित, ज्यांच्या जिवंतपणाची वार्ता घरी कळवावयाची होती असे बंदिवान, अशा ५,१५,००० हून अधिक माणसांची नावे, ठावठिकाणे आणि संपर्काचे तपशील त्यांत होते, आणि ते किमान साठ राष्ट्रीय रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांनी गोळा करून विश्वासाने सोपविलेले होते. समितीला ती यंत्रणा तत्काळ बंद करावी लागली. रेड क्रॉस व रेड क्रेसेंट चळवळीच्या प्रयत्नांनी रोज सरासरी बारा हरवलेली माणसे आपापल्या कुटुंबाला पुन्हा भेटत असत. त्या कामावरच घाला पडला, आणि काही काळ कार्यकर्त्यांना साध्या तक्त्यांवर व हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांवर ते निभावून न्यावे लागले.

संगणकीय चोरीच्या अनेक बातम्यांपैकी एक म्हणून ही बातमी वाचली गेली आणि मागे पडली. मला तिचे महत्त्व फार निराळे वाटते. मदतकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धान्याची पोती, औषधांच्या पेट्या, तंबू आणि शुश्रूषा करणारे हात येतात. त्या हातांच्या मागे कोठे तरी एक कचेरी असते, तेथे संगणक असतात आणि ते चालू ठेवणारी काही माणसे असतात, ही गोष्ट आपण गृहीत धरतो आणि तिला आस्थापना खर्चाच्या रकान्यात ढकलून मोकळे होतो. या विभागणीतच मूळ दोष आहे, असे माझे म्हणणे आहे. आपद्ग्रस्ताचे नाव लिहून घेणे, ते सांभाळणे, योग्य माणसापर्यंत पोचविणे आणि अयोग्य माणसापासून राखणे, हे मदतीच्या आधी किंवा नंतर करावयाचे कारकुनी काम नाही. ती मदतच आहे. म्हणून हे काम पाहणाऱ्या व्यवस्थापकाचे मोजमाप कचेरीच्या कार्यक्षमतेच्या गजाने करता येत नाही, ते मानवतावादाच्या मूलतत्त्वांनीच केले पाहिजे.

हे म्हणणे नव्या युगाने निर्माण केलेले नाही. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बाझेल येथे जखमी व बंदिवान सैनिकांची वार्ता घरी पोचविणारे एक कार्यालय रेड क्रॉसने काढले होते; पण त्या कार्याला खरे दप्तर लाभले ते ऑगस्ट १९१४ मध्ये, जिनिव्हात युद्धकैद्यांचे आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले तेव्हा. शहरातील राथ संग्रहालयाच्या दालनांतून चित्रे होती तेथे लाकडी खोकी आली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे तीन हजार लोकांनी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, तेथे बसून लेखनिकाचे काम केले. कामाची रीत वरकरणी अगदी साधी होती. एखाद्या खेड्यातून एखाद्या मातेचे पत्र येई. त्यातील मुलाचे नाव, पलटण, शेवटच्या पत्राचे ठिकाण एका कार्डावर उतरवले जाई. दुसऱ्या बाजूने युद्धमान सरकारांकडून कैद्यांच्या, जखमींच्या आणि मृतांच्या याद्या येत, व त्यांतील प्रत्येक नावाचेही कार्ड होई. ही दोन्ही कार्डे वर्णानुक्रमे एकाच खोक्यात लागत, आणि ज्या दिवशी विचारणेचे कार्ड व वार्तेचे कार्ड एकमेकांशेजारी येऊन उभे राही, त्या दिवशी घरी उत्तर जाई. एकाच नावाची शेकडो माणसे, परभाषी कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेली आडनावे, एका अक्षराच्या चुकीने दुसऱ्या खोक्यात जाऊन पडलेले कार्ड, या सर्वांची रुजुवात त्या बायका डोळ्यांत तेल घालून करीत. चुकलेले अक्षर म्हणजे एका घरातील आशा उगाच मालवणे किंवा उगाच पेटवणे. सुमारे सत्तर लाख कार्डे अशी तयार झाली. गांधीचरित्रामुळे आपल्याकडे परिचित झालेले रोमाँ रोलाँ हेही याच कार्यालयात, युद्धात सापडलेल्या नागरिकांची चौकशी करणाऱ्या विभागात, काही महिने स्वयंसेवक म्हणून पत्रे हाताळीत होते. १९१७ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक रेड क्रॉस समितीला मिळाले. ते ज्या सेवेचा गौरव म्हणून मिळाले तिचा फार मोठा भाग म्हणजे ही खोकी होती, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात जिनिव्हाच्या या दप्तराने छिद्रित कार्डांवर चालणारी हॉलेरिथ यंत्रे वापरात आणली, आणि हाताने करावयाची वर्गवारी यंत्र करू लागले. त्याच जातीची यंत्रे त्या काळी जर्मनीत नाझी राजवटीच्या जनगणनेसाठीही फिरत होती. यंत्राला आपण कोणाची यादी लावीत आहोत, हे ठाऊक नसते. या वस्तुस्थितीची दुसरी बाजू पाहावयाची तर अॅमस्टरडॅमला गेले पाहिजे. नेदरलँड्सची लोकसंख्या-नोंदणी युद्धापूर्वी युरोपातील अत्यंत काटेकोर नोंदण्यांपैकी एक होती. तिच्यात धर्माचीही नोंद होती. आणि ती ज्यांनी शिस्तीने उभारली त्यांपैकी अनेकांच्या मनात कोणाच्याही अहिताचा लेशही नसावा. जर्मन सेनेने देश घेतला तेव्हा ते तयार दप्तर तिच्या हाती आयते पडले, आणि ज्यू कुटुंबे हुडकण्याचे काम सोपे झाले. २७ मार्च १९४३च्या रात्री चित्रकार-लेखक विलेम आरोंडेयस, शिल्पकार खेरिट व्हान डर व्हेन आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या गणवेशात अॅमस्टरडॅमच्या नोंदणी-कचेरीत शिरले. पहारेकऱ्यांना ठार न मारता इंजेक्शन देऊन निद्रिस्त केले, बाहेर नेऊन ठेवले, कपाटे उपसून कागद जमिनीवर पसरले आणि आग लावली. अग्निशामक दलाने येण्यास मुद्दाम विलंब केला आणि आल्यावर आवश्यकतेहून अधिक पाणी ओतले, कारण पाण्यानेही कागदाचा नाश होतो. दप्तराचा लहानसा हिस्साच नष्ट झाला. त्याच वर्षीच्या जुलैत या कटातील बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

एका शहरात नावे जपण्यासाठी हजारो लोक वर्षानुवर्षे खपले, आणि दुसऱ्या शहरात नावे जाळण्यासाठी बारा जणांनी प्राण दिले. ही दोन्ही कृत्ये एकाच धर्माची आहेत, असे मी मानतो. जो दप्तर राखतो त्याला ते केव्हा आणि कोणासाठी राखावयाचे हे जसे कळले पाहिजे, तसेच केव्हा ते असूच नये हेही कळले पाहिजे. मदतसंस्थेच्या माहिती-तंत्रज्ञानाचा कारभार पाहणाऱ्याच्या अंगी पहिला गुण कोणता असावा, असे मला कोणी विचारले, तर मी यंत्रांचे ज्ञान सांगणार नाही. ते तर हवेच. मी संग्रहाच्या बाबतीतला संयम सांगेन. आजच्या साधनांनी माहिती गोळा करणे इतके स्वस्त झाले आहे की, न मागण्यालाच आता श्रम पडतात. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवणे ही बसल्या जागेची गोष्ट आहे. त्या रकान्यात भरलेला मजकूर दहा वर्षांनी कोणत्या राजवटीच्या हाती लागेल, हा प्रश्न मात्र बसल्या जागी सुटत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही.

याचे अगदी अलीकडचे उदाहरण रोहिंग्यांचे आहे. ऑगस्ट २०१७ पासूनच्या काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर लोक जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. पुढच्या वर्षीपासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने बांगलादेश सरकारच्या संगतीने त्यांची नोंदणी केली. अंगठ्यांचे ठसे, छायाचित्रे व कुटुंबाचे तपशील घेऊन ओळखपत्रे दिली, आणि शिधा व इतर साहाय्य त्या ओळखपत्राला जोडलेले होते. जून २०२१ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने असा अहवाल प्रसिद्ध केला की, त्या नोंदणीतील किमान ८,३०,००० नावे इतर तपशिलांसह बांगलादेश सरकारने म्यानमार सरकारकडे पाठविली, आणि ज्या निर्वासितांना या संस्थेने गाठून विचारले त्यांपैकी बहुतेकांना आपली माहिती अशी जाणार याची कल्पना नव्हती. उच्चायुक्तालयाने हा आक्षेप मान्य केला नाही. संमती विचारली होती आणि नकार दिला तरी ओळखपत्र मिळणार होतेच, असे त्याचे म्हणणे होते. या वादाचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. पण एक प्रश्न उरतोच. ज्याच्या घराची राख झाली आहे, ज्याची मुले रांगेत उपाशी उभी आहेत, त्याच्यापुढे शिध्याचा ओळखपत्राशी संबंध असलेला एक कागद ठेवून ‘तुझी हरकत नाही ना?’ असे विचारले, तर तो जे उत्तर देईल त्याला संमती म्हणता येईल काय? नागरी कायद्यात जबरदस्तीने घेतलेला दस्तऐवज रद्द करून घेता येतो. भूक ही कोणत्याही शिपायापेक्षा मोठी जबरदस्ती आहे.

येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. साहाय्य चोरीला जाते. एकाच माणसाच्या नावावर चार वेळा शिधा उचलला जातो, मेलेल्यांची नावे यादीत जिवंत राहतात, आणि दात्याच्या देशातील करदात्याला आपला पैसा कोठे गेला हे विचारण्याचा हक्क आहे. येमेनमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला हाच अनुभव आला: साना शहरात भुकेल्यांचे धान्य वाटेतच लंपास होत होते, म्हणून त्याने लाभार्थ्यांची अंगुलिमुद्रांवर आधारलेली नोंदणी व्हावी असा आग्रह धरला, तेथील हुथी अधिकाऱ्यांनी परक्या संस्थेने आपल्या प्रजेच्या देहचिन्हांचा संग्रह करण्यास हरकत घेतली, आणि २० जून २०१९ रोजी कार्यक्रमाने त्या भागातील वाटप अंशतः स्थगित केले, ज्याचा फटका साडेआठ लाख लोकांना बसला. पुढे ऑगस्टात तडजोड होऊन वाटप पुन्हा सुरू झाले. चोरीविरुद्धचा कार्यक्रमाचा संताप न्याय्य होता, यात मला संदेह नाही. तथापि एका नोंदणी-पद्धतीच्या वाटाघाटीत साडेआठ लाख माणसांची भाकरी ओलीस राहू शकते, ही गोष्ट एवढे तरी सिद्ध करते की, ती पद्धत कोणती असावी हा तांत्रिक विभागाने परस्पर ठरवावयाचा मामला नाही. १९६५ साली व्हिएन्नात रेड क्रॉस चळवळीने जी सात मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांत मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही आहेत. आणि यादी कोणाकडे राहील, तिची किल्ली कोण बाळगील, ती पाहण्याचा अधिकार कोणास असेल, या प्रश्नांत ती चारही तत्त्वे पणाला लागलेली असतात.

यातून मार्ग काढता येतो, आणि काढलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये रेड क्रॉस समितीने देहचिन्हांविषयीचे आपले धोरण ठरविले, तेव्हा मदत घेणाऱ्यांच्या अंगुलिमुद्रांचा मध्यवर्ती साठा करावयाचाच नाही, असे ठरविले. गरज पडेल तेथे तो ठसा माणसाच्या स्वतःच्या हाती राहणाऱ्या कार्डावर ठेवावा, आणि त्याला नको असेल तेव्हा ते कार्ड त्याने परत करावे किंवा नष्ट करावे. दुबार वाटप टाळण्याचा हेतू बराचसा साधतो, आणि जप्त करता येईल असे दप्तरच उरत नाही. या निर्णयात यंत्रज्ञानाची करामत फारशी नाही. अधिक सोयीचा मार्ग समोर दिसत असताना तो नाकारण्याची तयारी आहे. असे नकार देऊ शकणारा माणूस संस्थेत जेथे निर्णय होतात त्या मेजाशी बसलेला असावा लागतो. खालच्या मजल्यावर बसवून, छपाईयंत्र अडले की बोलावणे धाडावयाचे, अशा दर्जाच्या माणसाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

आता पैशाचा प्रश्न, जो या सर्वाच्या मुळाशी आहे. रेड क्रॉस समितीच्या त्या सर्व्हरांत शिरण्यासाठी घुसखोरांनी वापरलेली वाट म्हणजे ओळख पटविणाऱ्या एका प्रणालीतील उणीव होती. ती उणीव बुजविणारा पॅच उपलब्ध झालेला होता, पण तो वेळेत लावला गेला नव्हता. समितीने हे उघडपणे सांगितले, आणि असे पॅच आपल्याला वर्षाकाठी हजारोंनी लावावे लागतात, हेही सांगितले. शिरकावाचा शोध लागला तोही पहाऱ्याची अधिक चांगली साधने बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता म्हणून लागला. या कबुलीजबाबाबद्दल मला त्या संस्थेविषयी आदरच वाटतो, कारण अशा प्रसंगी मौन धारण करण्याची वहिवाट सर्वत्र आहे. पण त्यातून निघणारा बोध दात्यांनी घ्यावयास हवा. पॅच लावणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करणे, नकलांचा साठा खरोखर परत उभा करता येतो की नाही याची तालीम घेणे, कंत्राटदाराच्या कामाची तपासणी करणे, ही कामे अहवालाच्या मुखपृष्ठावर छापता येत नाहीत. नवा संगणकीय प्रकल्प सुरू करावयास देणगी मिळते. जुना प्रकल्प सुरक्षित ठेवावयास मिळत नाही. युरोपीय संघाच्या मदतकार्याच्या अनुदानांत अप्रत्यक्ष खर्चाला ७ टक्क्यांची मर्यादा असते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांतही साधारण तेच प्रमाण रूढ आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने विदेशी अंशदान कायद्याखाली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली. चैनीला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र व्यवस्थापनाच्या नोकरांचे वेतन, दूरध्वनी, हिशेब, अहवाललेखन हे सारे जेथे एकाच सदरात मोडते, तेथे पाच वर्षे अनुभव घेतलेल्या तंत्रज्ञाला टिकवून धरण्याची सोय कोठून व्हावी? तो खाजगी कंपनीत जातो, आणि त्याच्या जागी आलेल्या नवख्याला यंत्रणेची कुलुपे किती आणि कोणाकोणाकडे आहेत, हे कळण्यातच वर्ष जाते.

पैशाच्या ओढाताणीतून दुसरी एक गोष्ट निपजते, ती म्हणजे परावलंबन. स्वतःचे सर्व्हर राखणे परवडत नाही, म्हणून दप्तर एखाद्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवले जाते. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय पुष्कळदा योग्यच असतो, कारण त्या कंपनीचा पहारा लहान संस्थेच्या पहाऱ्याहून कितीतरी कडक असतो. परंतु दप्तर कोणत्या देशाच्या कायद्याखाली गेले, हे करारनामा करताना पाहावे लागते. रेड क्रॉस समितीचे स्वित्झर्लंडशी १९९३ सालचे जे करारपत्र आहे, त्याने तिची दप्तरे अनुल्लंघनीय मानली आहेत. तर २०१८च्या अमेरिकी क्लाउड कायद्याने तेथील कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील माहिती, ती कोणत्याही भूमीवर साठवलेली असली तरी, कायदेशीर हुकमानुसार सरकारला द्यावी लागते. ज्या संस्थेला युद्धातल्या दोन्ही पक्षांशी बोलावयाचे असते, तिची यादी एका पक्षाच्या मित्रराष्ट्राला मागता येते एवढा संशयही तिला परवडत नाही. हे कायदे वाचून समजून घेणारा आणि गरज पडल्यास स्वस्त निविदा परत पाठविणारा व्यवस्थापक म्हणजे तटस्थतेचा पहारेकरीच होय.

या सर्वावरून कोणी असे समजू नये की, हे काम केवळ राखण करण्याचे व नकार देण्याचे आहे. त्यात निर्मितीचा आनंदही आहे, आणि तो गरजेच्या अगदी जवळ उभे राहिल्यावाचून मिळत नाही. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या उपचार-छावण्यांत एक विलक्षण अडचण होती. रुग्णाच्या कक्षात गेलेला कागद बाहेर आणता येत नसे, कारण कागदाचे निर्जंतुकीकरण होत नाही. अंगभर संरक्षक पोशाख, तोंडावर मुखवटा, चष्म्यावर घामाची वाफ, अशा अवस्थेत डॉक्टर कुंपणापाशी येई आणि पलीकडे वही घेऊन उभ्या असलेल्या सहकाऱ्याला प्रत्येक रोग्याचा ताप, नाडी, औषधाची मात्रा ओरडून सांगे. त्या उष्म्यात पोशाखात फार वेळ राहता येत नसे. म्हणजे जो वेळ रोग्याच्या उशाशी जावयाचा तो ओरडण्यात जाई, आणि ऐकण्यात चूक होई ती निराळीच. तेव्हा स्वयंसेवक तंत्रज्ञांनी आणि गूगलच्या अभियंत्यांनी मिळून एक टॅब्लेट तयार केला, जो क्लोरीनच्या द्रावणात बुडवून काढता येई, हातमोजे घातलेल्या बोटांनी चालवता येई, आणि ज्यातील नोंद कुंपणापलीकडच्या छोट्या सर्व्हरावर आपोआप जाऊन पडे. त्यात बुद्धीला दिपवणारे नवे तत्त्व कोणतेही नव्हते. कुंपणापाशी उभे राहून डॉक्टरला नेमके काय जड जाते हे कोणी तरी पाहिले होते, एवढेच. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील तरुण संगणक-तंत्रज्ञांनी हरवलेली माणसे, छावण्या आणि मदतसामग्री यांचा मेळ घालणारी ‘सहाना’ ही मुक्त प्रणाली ज्या तडफेने उभी केली, आणि जी पुढे इतर देशांतील आपत्तींतही उपयोगी पडली, तिची प्रेरणा हीच होती.

संपर्काचेही तसेच आहे. १९९८ च्या टांपेरे करारनाम्याने आपत्तीच्या वेळी मदतसंस्थांची दूरसंचार-साधने सीमेवर परवान्यासाठी अडकून पडू नयेत, अशी तजवीज केली. तो २००५च्या जानेवारीत अमलात आला. पण कायदा साधनाला वाट देतो, युद्ध ती बंद करते. २७ ऑक्टोबर २०२३च्या रात्री गाझातील दूरध्वनी आणि इंटरनेट बंद पडले, तेव्हा पॅलेस्टाईन रेड क्रेसेंटचा आपल्याच गाझातील नियंत्रणकक्षाशी संबंध तुटला, आणि जखमी माणसाने १०१ हा आपत्कालीन क्रमांक फिरवावा आणि पलीकडे रुग्णवाहिका असूनही तिला हाक पोचू नये, अशी स्थिती झाली. त्या रात्री दूरसंचार ही आनुषंगिक सेवा होती असे म्हणण्यास कोण धजेल?

गेल्या काही वर्षांत या जाणिवेला संस्थात्मक रूप येऊ लागले आहे. रेड क्रॉस समितीने लक्झेंबर्गमध्ये संगणकीय अवकाशासाठी स्वतंत्र प्रतिनिधिमंडळ उघडले आहे. रुग्णालयाच्या छपरावर जसे लाल क्रॉसचे वा लाल चंद्रकोरीचे चिन्ह रंगवतात, तसे सर्व्हरावरही लावता येईल असे डिजिटल चिन्ह असावे, हा प्रस्ताव तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये मांडला, म्हणजे तेथे पोचणाऱ्या सैनिकी संगणकालाही येथे हात लावावयाचा नाही हे कळावे. काही जणांस हा भाबडेपणा वाटतो. चोर चिन्ह पाहून परतत नाही, हे खरे. पण जिनिव्हाच्या करारांनी चोरांना बांधण्याचा प्रयत्न कधी केलाच नव्हता, त्यांनी सरकारांना आणि सेनांना बांधले. छपरावरचे चिन्ह पाहूनही बाँब टाकणारे निघाले आहेत, म्हणून ते चिन्ह पुसून टाकावे असे कोणी म्हटलेले नाही, कारण ते असल्यामुळेच तो बाँब चुकून पडला असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार अजून सुरूही झालेला नाही, याची मला खंत वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा राज्यभरातून मदतीचा ओघ लागला आणि मराठी माणसाच्या औदार्याला भरते आले. असा प्रसंग आला की याद्या होतात: गाव, कुटुंबप्रमुख, माणसे किती, मोबाइल क्रमांक, आधारची छायाप्रत, बँकेचे खाते, आणि या याद्या सद्भावनेने, घाईने, एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जातात. पूर ओसरतो, मंडळी आपापल्या घरी जातात, याद्या राहतात. विधवेचा खातेक्रमांक, अनाथ झालेल्या मुलीचे नाव व पत्ता, ज्याचे घर उघडे पडले आहे त्याचा ठावठिकाणा, हे सारे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये पडून असते, आणि तो मोबाइल पुढे विकला जातो. हे टाळण्याकरिता जिनिव्हाइतक्या साधनसामग्रीची गरज नाही. गरज आहे ती एवढीच की, मदत करावयास निघालेल्या प्रत्येक मंडळाने निघण्यापूर्वी यादी कोण राखणार त्याचे नाव ठरवावे, लागेल तेवढेच लिहून घ्यावे, छायाप्रती पाहून परत द्याव्यात, आणि वाटप संपल्यानंतर ठराविक मुदतीत त्या याद्या नष्ट केल्याचा ठराव जमाखर्चाच्या ठरावाबरोबरच सभेपुढे मांडावा. हिशेबतपासनिसाला वह्या पाहण्याचा जसा अधिकार असतो, तसा या याद्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार कार्यकारी मंडळातील एका माणसाला लेखी दिलेला असावा, आणि त्याचे समाधान झाल्याखेरीज त्या वर्षीचा ताळेबंद मंजूर होऊ नये.